टिंब हरवते तेव्हा

चिकलठाणा येथील एका छापखान्यातून आमच्या पालि पाठावलीची पहिली मुद्रिते आली, तेव्हा पंचशीलातील पहिल्याच शीलात 'पाणातिपाता'च्या जागी 'पानातिपाता' असे छापलेले आढळले. पालि भाषेत 'पाण' म्हणजे प्राणी आणि 'पान' म्हणजे पेय. प्राणिहिंसेपासून विरत होण्याचे शील एका टिंबाअभावी निरर्थक झाले होते. दोष छापखान्याचा नव्हता, आमच्या टिपणांचा होता. त्याची कारणे अभ्यासकांस उपयोगी पडतील, म्हणून येथे मांडीत आहोत.

आमची टिपणे फ्रान्स व्हेल्थुइस यांच्या रोमन पद्धतीने संगणकावर लिहिलेली होती. 'टेक' या अक्षरजुळणी-प्रणालीत देवनागरी छापता यावी म्हणून त्यांनी ती १९९१ साली सिद्ध केली. तीत रोमन 'एन' अक्षराआधी टिंब दिले की ण, ~ दिले की ञ आणि दुहेरी अवतरणचिन्ह दिले की ङ समजावा. टिपणे साफ करताना शब्दांतील टिंबे पूर्णविराम समजून काढली गेली. ण चा न झाला आणि देवनागरीत तोच उतरला.

अशी आणखीही विघ्ने आहेत. टेक प्रणालीत साध्या रोमन मजकुरातील ~ म्हणजे ओळ न तोडणारी मोकळी जागा. त्यामुळे 'पञ्ञा' शब्दाचे तीन तुकडे होतात. सरळ अवतरणचिन्हे लेखनप्रणालीने आपोआप वळणदार केली, तर 'सङ्घ' मधील ङ ओळखला जात नाही. % या चिन्हापुढील ओळीचा मजकूर तर मुकाट्याने गाळला जातो.

यावर आम्ही पाळीत असलेला क्रम असा. प्रथम अक्षरे, नंतर चिन्हे. म्हणजे टिंब व ~ यांनी दर्शविलेली अक्षरे आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावीत. तेथे प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक असल्याने ण व न यांची गल्लत होत नाही. मग उरलेल्या %, &, # या चिन्हांआधी \ ही उलटी तिरपी रेघ द्यावी. मूळ मजकुरात तीच रेघ असेल, तर ती सर्वांआधी बदलून घ्यावी; अन्यथा आपणच घातलेल्या रेघा पुन्हा बदलल्या जातात. पूर्णविरामानंतर जागा अवश्य सोडावी, नाहीतर तोच पुढच्या अक्षराचे टिंब ठरतो. शेवटी पाण, पञ्ञा, सङ्घ, सळायतन, निब्बानं हे पाच शब्द छापून पाहावेत.

बाबासाहेबांनी स्वतः पालि व्याकरण व शब्दकोशावर परिश्रम घेतले. महाराष्ट्र शासनाने ते कार्य १९९८ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या १६व्या खंडात प्रसिद्ध केले. आपल्या विहारांतील मुले छापील पुस्तिकेवरूनच शील शिकतात, आणि एकदा तोंडी बसलेला चुकीचा शब्द सहजी सुटत नाही. म्हणून मुद्रित हाती येताच, ज्यांना पाठ मुखोद्गत आहे अशा उपासिकेकडून वा उपासकाकडून ते एकवार मोठ्याने वाचून घ्यावे. आमची चूक अशाच वाचनात उघड झाली.