शेअर्सची भेट : हेतू आणि पूर्ती

आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेले शेअर्स हयातीतच जिवलगांना द्यावेत, अशी इच्छा अनेकांची असते. मात्र कायदा केवळ इच्छा पाहत नाही, तिची पूर्ती झाली की नाही, हेही पाहतो.

इंग्लंडमधील 'मिलरॉय विरुद्ध लॉर्ड' या १८६२ सालच्या निकालाने हे तत्त्व स्पष्ट केले. थॉमस मेडली यांनी १८५२ मध्ये लुइझियाना बँकेचे ५० शेअर्स नात्यातील एका मुलीच्या हितासाठी सॅम्युअल लॉर्ड यांच्याकडे विश्वस्त म्हणून सोपविल्याचा दस्त केला. परंतु बँकेच्या नोंदवहीत हस्तांतरण झालेच नाही. मेडली निवर्तल्यावर त्या मुलीच्या हाती काहीच लागले नाही. मेडली स्वतःच तिचे विश्वस्त झाले होते, असे मानण्यास न्यायालयाने नकार दिला. दात्याने जो मार्ग निवडला तो अपुरा राहिला, तर न्यायालय त्याच्या वतीने दुसरा मार्ग निवडत नाही.

आपल्याकडेही हे दोन मार्ग भिन्न आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार जंगम वस्तूची भेट नोंदणीकृत दस्ताने अथवा प्रत्यक्ष ताबा देऊन पूर्ण होते आणि दात्याच्या हयातीतच ती स्वीकारली जावी लागते. विश्वस्ताचा मार्ग निराळा. त्यात शेअर्स मालकाच्याच नावे राहू शकतात, पण लाभ दुसऱ्याचा होतो. मालक स्वतःच विश्वस्त होणार असेल, तर भारतीय न्यास अधिनियम, १८८२ नुसार स्वाक्षरी केलेला नोंदणीकृत दस्त किंवा मृत्युपत्र लागते. तोंडी आश्वासन पुरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली 'वासुदेव रामचंद्र शेलत' प्रकरणात एका भगिनीने भावाला दिलेली शेअर्सची भेट वैध ठरविली. कंपनीच्या नोंदवहीत नाव बदलण्यापूर्वीच तिचे निधन झाले होते. मात्र नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि स्वाक्षरी केलेले हस्तांतरण अर्ज मागे होते. दात्रीने आपल्या हातातील सर्व काही केले होते, हेच येथे निर्णायक ठरले.

एप्रिल २०१९ पासून सूचिबद्ध कंपन्यांच्या कागदी शेअर्सचे सर्वसाधारण हस्तांतरण बंद झाले आहे. त्यामुळे भेट द्यायची असल्यास डीमॅट खात्यातून शेअर्स प्रत्यक्ष वर्ग करावेत. ते स्वतःकडेच ठेवून लाभ दुसऱ्याला द्यायचा असल्यास तसा स्पष्ट नोंदणीकृत दस्त करावा. न्यास सहजासहजी मागे घेता येत नाही, म्हणून आधी विधिज्ञांचा सल्ला घ्यावा. दिलेला शब्द पूर्ण करण्याचा काळ दात्याच्या हयातीतलाच असतो.