गाण्याचा मालक कोण?

पोटासाठी मी संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. राहायला नागपुरात. नोकरीपलीकडचे नाद दोनच: ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणि समोर बसून ऐकायचे गाणे. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असे मित्र विचारतात.

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्राला कळणारा भाग तेवढा आपल्या हाती येतो. माणसाने लिहिलेला मूळ मजकूर कंपनीच्या कपाटात राहतो. ओपन सोर्समध्ये तो मजकूरच मिळतो. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. १९८३ मध्ये ही चळवळ पुकारणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः लोकसंगीताचे शौकीन. १९९१ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरवर गाणे रचले, तेही एका बल्गेरियन लोकगीताच्या चालीवर, सात मात्रांत. आपल्या रूपकासारख्या! चाल त्यांना कुणाकडे मागावी लागली नाही. ती सर्वांचीच होती.

अशी सर्वांची गाणी ऐकायला मी भामरागडला जातो. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी यांच्या संगमाचा हा मुलूख. बाहेरच्या वाचकाला तो माहीत असतो तो पुराच्या बातम्यांमुळे, नाहीतर १९७३ पासून हेमलकशात उभ्या राहिलेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे. इथल्या माडियांची रेला गाणी मात्र तिथे बसूनच ऐकावीत. ढोल वाजत असतो, हात हातांत गुंफलेले असतात. एका रांगेने ओळ उचलायची, दुसरीने ती परत करायची, आणि परत करताना कुणीतरी एखादा शब्द हळूच बदलतो. तो पटला तर पुढच्या फेरीत राहतो, नाही तर विरून जातो. आम्ही प्रोग्रामर एकमेकांच्या आज्ञावल्या सुधारतो ते याहून फार निराळे नाही. फक्त आमच्यात भांडणे जास्त होतात.

ध्वनिमुद्रणासाठी मी ऑडॅसिटी वापरतो. चांगल्या प्रतीचे मुद्रण तासाला सुमारे एक गिगाबाइट जागा खाते, म्हणजे एका रात्रीचे आठ. २०२१ मध्ये ही आज्ञावली म्यूज ग्रुपकडे गेली, माहिती गोळा करण्याच्या अटींवरून गदारोळ उठला, तेव्हा काहींनी तोच मजकूर उचलून टेनॅसिटी नावाची वेगळी शाखा काढली. कुणाची परवानगी लागली नाही. ही सोय परवान्यातच आहे, आणि मला तिचे फार कौतुक आहे.

पण हाच परवाना मी रेला गाण्यांना लावू पाहतो तेव्हा अडते. ओपन सोर्सचा परवाना कॉपीराइटच्या पायावरच उभा आहे: जो मालक, तोच ‘घ्या’ म्हणू शकतो. या गाण्यांचा कर्ता कोण? सारे गाव, आणि गावाच्या आधीची किती गावे. १९५७ चा आपला कायदा ध्वनिमुद्रणाचे हक्क देतो ते मुद्रण करवणाऱ्याला. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्यालाही हक्क मिळाला, पण तो त्या रात्रीच्या सादरीकरणापुरता, गाण्यावर नव्हे. म्हणजे रात्रभर गायले गाव, आणि कागदावर मुद्रणाचा मालक मी, मायक्रोफोन धरून बसलेला! उद्या मी उदारपणे ‘सर्वांसाठी खुले’ असा शिक्का मारला, तर मुंबईतला कुणीही त्यावर नाचाचा ठेका चढवून विकू शकेल. तशी मुभा देणारा मी कोण?

उघडेपणाचा मी कट्टर पक्षपाती आहे, तरी इथे मला थांबावेसे वाटते. आधी विचारायचे, तेही एकट्या म्होरक्याला नव्हे, गाणाऱ्या सगळ्यांना. सकाळी मुद्रण ऐकवायचे. मेमरी कार्डावर प्रत करून गावातच ठेवायची. इंटरनेटवर टाकायचे ते नंतर, आणि ते ‘टाका’ म्हणाले तरच. एका गावाने होकार दिला. दुसऱ्याने सांगितले, लग्नातली गाणी द्या, बाकीची नकोत. त्या बाकीच्यांत काय आहे ते मी विचारले नाही.

आता उरला प्रश्न फायलींच्या नावांचा. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये. पण मला भेटलेली इथली शाळकरी मुले माडिया शब्द देवनागरीतच लिहून देतात. आणि गाण्याला नाव विचारावे तर ती हसतात. म्हणून सध्या माझ्याकडे गावाचे नाव आणि तारीख, एवढ्यावरच भागते.