किरणोपचार, दात आणि जबड्याचे हाड

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतून निघालेला तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण ठाण्याहून लोकलने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पोहोचतो, तेव्हा त्याचे व नातेवाइकांचे सारे लक्ष गाठीवर असते. तथापि पुढे जबड्याचे हाड शाबूत राहील की नाही, हे बऱ्याच अंशी किरणोपचार सुरू होण्यापूर्वी दंतवैद्याच्या खुर्चीत ठरते.

शस्त्रक्रियेनंतर दिले जाणारे किरणोपचार, ज्यांना रुग्ण ‘लाईट’ म्हणतात, साधारणतः आठवड्याला 5 दिवस असे सहा आठवडे चालतात आणि एकूण मात्रा 60 ग्रेच्या घरात जाते. ग्रे हे शरीराने शोषलेल्या किरणांचे माप होय. या मात्रेने हाडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या आक्रसतात व हाड घडवणाऱ्या पेशी घटतात, आणि खालच्या जबड्याचे हाड घट्ट असून त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः एकाच धमनीवर असल्याने धोका तेथेच अधिक असतो. पुढे दात उपटल्यास जखम भरत नाही, हाड उघडे पडते. कर्करोग उलटलेला नसताना ते सुमारे तीन महिने तसेच राहिले, तर त्यास ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस, म्हणजे किरणांमुळे झालेला अस्थिमृत्यू, म्हणतात.

म्हणून दंतवैद्य ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, पाहून न टिकणारे दात दोन-तीन आठवडे आधीच काढतो, हाडाच्या टोकदार कडा घासतो आणि हिरडी टाक्यांनी मिटवतो. मिश्री-तंबाखूने हिरड्या सोडलेल्या तोंडात असे दात बरेच निघतात, आणि कर्करोगाला थांबवून ठेवता येत नसल्याने हे आठवडे मिळवणे हाच खरा पेच असतो. किरणोपचाराने लाळग्रंथी सुकल्याने उरलेले दात मुळाशी किडतात. त्यांना फ्लोराइडचे जेल रोज, तेही आयुष्यभर, लावावे लागते, आणि हे कंटाळवाणे कामच सर्वांत आधी सुटते.

हाड उघडे पडलेच, तर जंतुनाशक गुळण्या, प्रतिजैविके, सुटलेला तुकडा काढणे, काही ठिकाणी पेंटॉक्सिफिलिन व ई जीवनसत्त्व असा क्रम असतो. दाबाखालील प्राणवायूचा पूर्वी मोठा बोलबाला होता, परंतु 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होपॉन’ या ब्रिटिश चाचणीत दात काढताना दिलेल्या या उपचाराने अस्थिमृत्यू टळण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. जबडा मोडल्यास मृत भाग कापून पायातील फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसह बसवतात.

हा धोका वर्षे लोटली तरी संपत नाही. म्हणून ‘लाईट’ घेतलेल्या प्रत्येकाने गल्लीतल्या दवाखान्यात दात काढण्यापूर्वी किरणोपचाराचा कागद डॉक्टरांना आवर्जून दाखवावा.