दाटीतली रोपे



मागच्या अंकात वडगाव रासाईच्या नदीकाठच्या भिल्ल वस्तीवर कांद्याचे बी वाटल्याचे कळवले होते. त्याचे पुढे काय झाले, असे काही जणांनी विचारले. खरे सांगायचे तर पहिल्या वर्षी फसले, आणि चूक माझीच होती.

एका आजींना त्यांच्या गुंठाभर जागेसाठी मी पाव किलो बी दिले. जास्त दिले तर जास्त पिकेल, असा माझा हिशोब. रोप वेगळे तयार करून मग लावायचे असते, हे सांगायचे राहून गेले. आजींनी सगळे बी वाफ्यातच फोकले. एका ग्रॅममध्ये कांद्याच्या अडीचशे ते तीनशे बिया असतात, म्हणजे साठ हजारांवर बिया पडल्या. दोन ओळींत 15 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 10 सेंटिमीटर अंतर धरले, तर गुंठ्यात साडेसहा हजारांच्या आसपास रोपे बसतात. उगवण इतकी हिरवीगार झाली की आम्ही दोघेही खूश. काढणीला हाती आले ते गोटीएवढे कांदे. व्यापाऱ्याने त्यांकडे पाहिलेसुद्धा नाही.

असे का होते, ते मी नंतर समजून घेतले. जमिनीच्या एका तुकड्यात ऊन, पाणी आणि खत ठरावीकच असते. रोपे कमी असोत की जास्त, एका मर्यादेनंतर वाफ्यातल्या एकूण पाल्यामुळ्यांचे वजन जवळपास तेवढेच भरते. फक्त वाटेकरी वाढतात. मेथी-कोथिंबिरीत हे चालते, कारण आपल्याला पालाच हवा असतो. पण कांदा विकला जातो तो आकारावर.

वाटणीही सारखी होत नाही. जमिनीखाली मुळे पाणी ओढतात तेव्हा लहान रोपालाही थोडे मिळते. उन्हाचे तसे नाही. जे रोप एक दिवस आधी उगवले, ते दोन बोटे उंच होते आणि शेजारच्यावर सावली धरते. सावलीतले मागे पडते, मागे पडले म्हणून आणखी सावलीत जाते, आणि शेवटी पिवळे पडून मरते. शिवाय दाट वाफ्यात वारा खेळत नाही, ओल राहते, आणि रोपांची मर लागते.

जपानमध्ये ओसाकाच्या योदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली या मरण्याचा हिशोब मांडला. दाटीत वाढणारी रोपे मरत मरत निम्मी झाली, तोवर उरलेल्यांचे सरासरी वजन सुमारे 2.8 पट झालेले असते. समजा, 10 ग्रॅमची 100 रोपे आहेत, म्हणजे एक किलो. त्यातली 50 उरतील तेव्हा प्रत्येक 28 ग्रॅमचे, म्हणजे एकूण 1 किलो 400 ग्रॅम. नेमक्या आकड्यावर पुढे वाद झाले, पण संख्या घटल्याशिवाय दाटीतल्या रोपांचा आकार वाढत नाही, हे खरेच आहे.

वस्तीवरच्या लोकांना हे उसात रोज दिसते. लागणीनंतर बेटाला भरमसाट फुटवे येतात आणि ऊस उंच होऊ लागला की त्यातले निम्म्याच्या आसपास सावलीत मरून जातात. म्हणून तर आता चार-पाच फुटांची सरी ठेवतात. मी हे समजावू लागलो तेव्हा एक ऊसतोड करणारा दादा हसून म्हणाला, "साहेब, दाट फडातला बारीक ऊस तोडून मोळी भरत नाही, हे आम्हाला कोण शिकवणार?" खरेच, त्यांनाच आधी विचारायला हवे होते.

भाताचेही तेच. चारसूत्री पद्धतीत चुडात दोन-तीनच रोपे आणि 15 व 25 सेंटिमीटर अशी आलटून पालटून अंतरे ठेवतात. डोंगरातल्या आपल्या कुटुंबांना हे पटायला वेळ लागतो. ज्याच्या घरात धान्य पुरत नाही, त्याला मोकळी जागा वाया गेल्यासारखी वाटते. त्यात मला हट्ट दिसत नाही, भीती दिसते.

यंदा आजींना 100 ग्रॅमच बी दिले. गादीवाफ्यावर ओळी पाडून पातळ पेरले. तरी काही ओळी दाट झाल्याच. विरळणीला बसलो, तर आजी हात लावीनात. "उगवलेलं उपटायचं कसं? जीव हाय त्यात." मी गप्प राहिलो. उत्तर माझ्याकडे नव्हते. मग त्यांच्या सुनेने ओळीच्या एका टोकाची दहा-बारा रोपे उपटली आणि बाकीची तशीच ठेवली. पंधरा दिवसांनी दोन्हीकडची रोपे आजींनी स्वतः हातात धरून पाहिली. एकीकडे सुतळीएवढी मान, दुसरीकडे दोऱ्यासारखी.

त्या दिवशी उरलेल्या ओळी त्यांनीच विरळ केल्या. उपटलेली कोवळी पात टाकली नाही. चुलीवर बेसन लावून तिची भाजी केली, आणि बाजरीच्या भाकरीबरोबर मलाही वाढली. जानेवारीत लावणी झाली आहे. काढणी उन्हाळ्यात.