कार्ल्याचे खांब, पडद्यावर

मावळात, लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात 37 खांब आहेत. संगणकावर ते उभे करताना मी दोनच घडवले: हत्तीशीर्षाचा एक आणि स्तूपामागच्या सातांसारखा साधा एक. त्यांचे बिंदू ग्राफिक्स प्रोसेसरच्या स्मृतीतल्या राखीव जागेत, म्हणजे बफरमध्ये, एकदाच ठेवले. कोणता खांब कुठे उभा, हे दुसऱ्या बफरमध्ये. दर खांबाला 16 अंकांचा तक्ता, 64 बाइट. सगळे मिळून 2368 बाइट!

पण त्या तिसांवरचे हत्ती-स्वार एकसारखे नाहीत. काही खांबांवर दात्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. एकच खांब तीसदा उमटवला, की हे दाते पुसले जातात.

म्हणून प्रत्येकाला स्वतःचे चित्र हवे. 2048 बाय 2048 ठिपक्यांचे एक चित्र 16 एमबी, तीस चित्रे 480. (कोरीव उठाव चित्रावर भागवणे ही तडजोडच.) दर खांबाआधी नवे चित्र जोडायचे, म्हणजे बाइंड करायचे, तर मुख्य प्रोसेसरचा वेळ हुकूम सोडण्यातच जातो. त्याऐवजी तीसही चित्रांची एक थप्पी रचली, ती एकदाच जोडली आणि खांबाच्या नोंदीत थराचा क्रमांक घातला. नोंद 4 बाइटांनी वाढली.