बारीक सूत घडतं कुठे?

काउंटचा हिशेब

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या माणसाला शिरूर-पुणे अंतर सांगावं लागत नाही. ते सदुसष्ट किलोमीटरच्या आसपास आहे. ४० काउंटचं एक किलो सूत उलगडलं, तर साधारण तेवढंच लांब जाईल. ८४० वारांची एक लड, अशा जितक्या लडी एका पौंडात बसतील तितका काउंट. १०० काउंटचं किलोभर सूत १६९ किलोमीटर भरतं आणि त्याच्या जाडीत जेमतेम पन्नासेक तंतू असतात.

खरी परीक्षा आधीच

सगळ्यांचं लक्ष वेधते ती गरगर फिरणारी चाती. पण माझ्या मते बारीक सुताचं भवितव्य त्याआधीच ठरतं. पन्नासातले दहा तंतू एखाद्या ठिकाणी कमी पडले, की धागा तिथे कमजोर पडतो. म्हणून लांब धाग्याचा कापूस हवा, सुविन या वाणासारखा. ब्लो रूममध्ये कचरा झडतो, कार्डिंगमध्ये तंतू सुटे होऊन पेळू बनतो. मग येतं कोंबिंग. बारीक दातांच्या फण्या आखूड तंतू विंचरून काढतात. शंभर किलोंमागे पंधरा-वीस किलो कापूस इथे बाजूला पडतो. मालकाला हे महाग पडतं, पण याला पर्याय नाही. ड्रॉ फ्रेमवर सहा-आठ पेळू एकत्र ओढून पुन्हा एकाच पेळूइतके बारीक करतात. एकाची जाड जागा दुसऱ्याच्या पातळ जागेला सावरते. त्यानंतर हलका पीळ देऊन वात तयार होते.

रिंग फ्रेमवर

इथे रोलरच्या तीन जोड्या असतात. पुढची जोडी मागचीपेक्षा वेगात फिरते, म्हणून वात तीस-चाळीस पट ताणली जाते. चाती मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेते. तिच्याभोवतीच्या कड्यावर ट्रॅव्हलर नावाचा इवलासा धातूचा चाप धावतो. ट्रॅव्हलरच्या प्रत्येक फेऱ्याला सुतात एक पीळ पडतो. ट्रॅव्हलर चातीच्या किंचित मागे राहतो, आणि त्या मागे राहण्यामुळेच सूत बाबिणीवर गुंडाळलं जातं. किती साधी आणि किती विलक्षण युक्ती!

नागपूरचं धाडस

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांची भिस्त म्यूल नावाच्या सूतकताई यंत्रावर होती. म्यूल आधी ओढून पिळतो, मग थांबून गुंडाळतो. रिंगवर दोन्ही कामं अखंड चालतात. १८८० च्या दशकात एम्प्रेस मिलने रिंग चात्या आजमावल्या आणि स्वीकारल्या, इंग्लंडमधल्या अनेक गिरण्यांच्या कितीतरी आधी.

शेवटचं खातं

रिंग फ्रेमनंतर सूत वायंडिंगमध्ये जातं. तिथे जाड-बारीक जागा यंत्रच कापतं आणि दोन्ही टोकं हवेच्या झोताने जोडतं. गाठ राहत नाही.