पात्राला बोलतं करताना

‘स्कायरिम’ हा ड्रॅगनांच्या अद्भुत जगातला व्हिडिओ गेम २०११ साली आला. पुढच्याच वर्षी त्यात भर घालण्याचं साधन, ‘क्रिएशन किट’, खुलं झालं आणि खेळणारेच नवी पात्रं घडवू लागले. अशा घरगुती भरीला ‘मॉड’ म्हणतात.

अशा पात्राचं बोलणं सलग नसतं. एकेक वाक्य म्हणजे स्वतंत्र ध्वनिफाइल, आणि प्रत्येकीला अट जोडलेली: नायक जखमी असेल तर हे, गुहेत शिरला तर ते. आवाज आणि मजकूर जुळवून किट ओठांच्या हालचालींची फाइल बनवतं. म्हणून ‘प’ म्हणताना पात्राचे ओठ मिटतात.

ही वाक्यं लासलगावातल्या घरातही ध्वनिमुद्रित करता येतील. कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे निघण्याआधीची वेळ साधावी. भोवती गोधड्या टांगाव्यात. त्यांच्या तंतूंत ध्वनीची ऊर्जा घर्षणानं विरते, घुमणं कमी होतं. खर्ज मात्र सहज शोषला जात नाही. माइक तोंडाच्या किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘फ’-‘भ’च्या हवेचा झोत थेट आदळत नाही.

पुण्यात घडलेल्या ‘राजी’ या २०२०च्या खेळात दुर्गा आणि विष्णू यांचे आवाज गोष्ट सांगतात. मला मात्र बाजार समितीत लिलाव पुकारणाऱ्याचा कसलेला गळा एखाद्या बुटक्या सोनाराच्या पात्राला हवा आहे, अर्थात त्याला विचारून.